जावई उतरवायला गेलेली राणी

पॅरिसमधल्या ग्रो-काय्यू वस्तीच्या धुणंघरात आयफेल टॉवरला नावं ठेवायची सोय नव्हती. एखादी नवखी परटीण चुकून ‘काय तो लोखंडी सांगाडा’ असं बोलून गेली, की दगडी हौदाच्या पलीकडून ओल्या टॉवेलचा फटका यायचाच. फटका मारणारी झेलीआई मान वर न करता म्हणायची, “तुझ्या नवऱ्यापेक्षा सरळ उभा राहतो तो. पगाराच्या दिवशीसुद्धा.”

मनोरा वीस वर्षांनी पाडायचा, असं मुळात ठरलेलं होतं. मुदत भरत आली तेव्हा तो ठेवावा की मोडीत काढावा, यावर सगळं पॅरिस तावातावानं भांडलं. शेवटी बिनतारी संदेशांसाठी एवढी उंच जागा दुसरी नाही म्हणून लष्करानं त्याला हाताशी धरलं आणि तो वाचला. झेलीआईला हे कारण कधीच पटलं नाही. तेव्हा तिनं साठी ओलांडली होती. ती म्हणायची, “बिनतारी-बिनतारी काही नाही. त्या कमिटीतल्या दोघांच्या कॉलरी माझ्याकडे यायच्या. मी सांगितलं होतं, मनोऱ्याचा एक खिळा निघाला तर कॉलरीला अशी खळ घालीन की मान वळणार नाही.”

ही बाई एके काळी त्याच मनोऱ्याची हाडवैरीण होती, हे सांगून आता कुणाला खरं वाटत नाही. पण होती. आणि तिचं ते वैर एका गुरुवारी दुपारी कसं संपलं, हे आमच्या गल्लीतल्या जुन्या माणसांनी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

झेली पिकार्दीतल्या एका खेड्यातून पोरवयात पॅरिसला आली. बांधा बुटका आणि रुंद, हात कोपरापर्यंत कायम लाल. जिभेला हाड नव्हतं आणि हाताला उसंत नव्हती. इसिदोर नावाच्या एका छपरं घालणाऱ्याशी तिनं लग्न केलं. हा इसिदोर म्हणजे देखणा गडी. घरांच्या जस्ताच्या छपरांवर तो शीळ घालत असा चालायचा, की खाली रस्त्यावरच्या पोरी माना मोडेपर्यंत वर बघत राहायच्या. कमरेला दोर बांधायचा त्याला कमीपणा वाटे. भीती ही बायकांसाठी आणि दोर गाईंसाठी, असं तो चारचौघांत म्हणायचा, आणि झेलीही तेव्हा हसायची.

एका सकाळी तो चर्चच्या छपरावरून पडला. झेली तेव्हा इस्त्रीच्या टेबलाशी होती आणि मुलगी ओनोरीन पाळण्यात होती.

त्यानंतर झेलीनं त्या चर्चची गल्ली सोडली. डोक्यावर ओल्या कपड्यांचं गाठोडं असलं तरी ती लांबचा वळसा घालून जायची. कुणी विचारलंच, तर म्हणायची, “त्या गल्लीत कुत्री फार आहेत.” तिथं कुत्री नव्हती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी वाद घातला नाही.

अशा बाईच्या दारासमोर जगातली सगळ्यात उंच वस्तू उभी करायची, म्हणजे तिच्या डोक्यावर मिरे वाटण्यासारखंच होतं.

एका कडाक्याच्या हिवाळ्यात वस्तीलगतच्या मोठ्या मैदानाच्या नदीकडच्या टोकाला खड्डे खणायला सुरुवात झाली. मग चार कोपऱ्यांतून लोखंडाचे चार पाय वर निघाले, आणि तेही सरळ नव्हे, आतल्या बाजूला कललेले. महिनोन्‌महिने ते असे कललेले, एकमेकांना न शिवता वाढत राहिले. आमच्या भागात रोज नवी आवई उठायची. कुणी म्हणे, नदीची ओल लागून पाय खचणार. कुणी म्हणे, वीज ओढून घेणार. शेजारच्या घरमालकांनी कोर्टात धाव घेतली. मोठमोठ्या कलावंतांनी पेपरात पत्र छापलं, की हा मनोरा म्हणजे पॅरिसच्या तोंडाला काळं. झेलीनं ते पत्र धुणंघरात एकीकडून मोठ्यानं वाचून घेतलं आणि सगळं ऐकून झाल्यावर म्हणाली, “भाषा झकास आहे. पण सगळं दिसण्याबद्दलच. वरून माणूस पडेल त्याचं काय, ते एकानंही लिहिलं नाही.”

पाय काही खचले नाहीत. खाली वाळूच्या पेट्या होत्या, त्यांतली वाळू थोडी थोडी सोडून ते चारही पाय अचूक जागेवर आणले आणि पहिल्या मजल्याच्या तुळयांना जोडले. मग मनोरा भराभर वर चढू लागला. वरच्या भट्ट्यांची काजळी वाऱ्यावर येऊन झेलीच्या वाळत घातलेल्या चादरींवर बसायची. ती माडीवरच्या खिडकीत उभी राहून मनोऱ्याला शिव्या द्यायची, आणि शिव्या देतानासुद्धा वर बघायची नाही. नजर पहिल्या मजल्याच्या खालीच.

त्या काजळीनंच फुल्जाँसला घरात आणलं.

मनोऱ्यावरच्या कामगारांचे सदरे धुवायला झेलीकडे येऊ लागले. रिबिटं मारणाऱ्यांचे सदरे लगेच ओळखू यायचे. तिथं चौघांची एक टोळी असे. एकानं भट्टीत लोखंडी खिळा लाल करायचा, दुसऱ्यानं तो भोकात धरून ठेवायचा, तिसऱ्यानं त्याला टोपी बसवायची आणि चौथ्यानं मोठ्या हातोड्यानं ती पक्की करायची. ठिणग्या उडून सगळ्यांच्या सदऱ्यांना चाळणीसारखी भोकं पडत. झेलीकडून सदरे धुऊन परत जायचे ते भोकांसकट. पण एक दिवस तिच्या लक्षात आलं, की एका सदऱ्याची भोकं बुजलेली आहेत. नुसती बुजलेली नाहीत, बारीक टाक्यानं रफू केलेली, वर बाह्यांना चुण्या पाडून इस्त्री.

“हा कुणाचा गं?” झेलीनं विचारलं.

“गिऱ्हाइकाचा,” ओनोरीन म्हणाली. ती तेव्हा एकोणीस वर्षांची होती आणि घरातली सगळी इस्त्री तिच्याकडे होती.

“गिऱ्हाइकं सगळीच आहेत. चुण्या याच्याच का?”

ओनोरीननं पुढचा सदरा इस्त्रीखाली घेतला. आईसारखी तिला जीभ नव्हती, हट्ट मात्र पुरेपूर होता.

दोन आठवड्यांनी तो सदरेवाला स्वतःच आला. लॉरेन प्रांतातला, हातोडा मारणारा चौथा गडी. फुल्जाँस त्याचं नाव. खांदे दारात मावत नव्हते आणि आवाज असा, की दिव्याची ज्योत हलू नये. टोपी हातात घेऊन त्यानं सरळ विचारलं, “मादाम, मला ओनोरीनशी लग्न करायचंय. तुमची संमती हवी.” संमती कायद्यानंच लागत होती. मुलगी सज्ञान व्हायला अजून अवकाश होता.

झेलीनं त्याला बसा म्हटलं नाही. “काम कुठं?”

“मनोऱ्यावर, मादाम.”

“तो संपल्यावर?”

“पूल. नाहीतर रेल्वेच्या स्टेशनांची छपरं. जिथं लोखंड उभं राहील तिथं.”

“म्हणजे उंचावर.”

“हो मादाम.”

“मग माझी मुलगी मिळायची नाही,” झेली म्हणाली. “जमिनीवर काम शोधा, मग दार ठोठावा. या घरातून एक माणूस वर जाऊन परत आलेला नाही. दुसरा मी देणार नाही.”

फुल्जाँसनं वाद घातला नाही. “मला दुसरं काम येत नाही, मादाम,” एवढंच म्हणाला आणि गेला. ओनोरीन इस्त्रीकडे वळली. मात्र त्या दिवसापासून झेलीच्या टोप्यांना अशी खळ बसू लागली, की तिच्या कानांमागे ओरखडे उठले. ती कुणाला सांगणार? पोरगी आपलं काम चोख करत होती.

हे असं वर्षभर चाललं. मनोरा दुसऱ्या मजल्याच्या वर गेला, मग इतका वर गेला की टोकावरची माणसं दिसेनाशी झाली. ओनोरीन वाळत चालली. झेलीला ते दिसत होतं आणि त्यानं तिचं आतडं तुटत होतं, पण शब्द मागे घ्यायचा म्हणजे त्या चर्चच्या गल्लीतून चालत जाण्यासारखंच होतं.

मग आला मि-कारेम. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासाच्या ऐन मध्यावरचा हा गुरुवार म्हणजे परटिणींचा सण. त्या दिवशी पॅरिसमधलं एकही धोपटणं कपड्यावर पडत नाही. प्रत्येक धुणंघर आपली राणी आणि राजा निवडतं, गाड्या सजतात, मिरवणुका निघतात. आमच्या धुणंघराची आणखी एक रीत होती. दुपारच्या जेवणात राणीनं एक हुकूम सोडायचा आणि राजानं एक. हुकूम कुणालाही, काहीही. तो त्याच दिवशी पार पाडायचा, डोक्यावर मुकुट असेपर्यंत. मुकुट उतरला की राज्य बुडालं आणि अपुरा राहिलेला हुकूमही बुडाला. एका वर्षी राणीनं धुणंघराच्या मालकाला स्वतःचे मोजे सगळ्यांदेखत धुवायला लावले होते. राजाचा हुकूम मात्र कुणाच्या लक्षातही राहत नसे, कारण राजा दरवर्षी तोच, पाणी तापवणारा म्हातारा, आणि तो दरवर्षी तोच हुकूम सोडायचा, की आणखी वाइन आणा.

त्या वर्षीचं कारस्थान पाल्मीरचं. ही पाल्मीर हौदावर झेलीच्या शेजारी बसायची. मोठी जाड, मोठी हसरी, आणि दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसल्याशिवाय तिला घास गोड लागत नसे. धोपटणी वर करून मतं द्यायची वेळ आली तेव्हा ती उठून म्हणाली, “दरवर्षी आपण पोरसवदा राणी करतो. ती मिरवणुकीत थंडीनं कुडकुडते नि संध्याकाळपर्यंत रडते. या वर्षी अंगात ऊब असलेली राणी करू. झेलीआई.”

हसण्याचा एकच गिल्ला झाला आणि सगळी धोपटणी वर गेली.

“मी? चव्वेचाळीसची?” झेली म्हणाली. पण आवाजात नाही म्हणायचा जोर नव्हता. जन्मात तिला कुणी कशाची राणी केलं नव्हतं.

“आणि राजा,” पाल्मीर घाईघाईनं म्हणाली, “म्हाताऱ्याला गुडघेदुखी आहे. गाडीवर चढवायला चार माणसं लागतील. त्यापेक्षा आपल्या गिऱ्हाइकांतला एखादा धट्टाकट्टा घेऊ. तो नाही का, लॉरेनवाला?”

धोपटणी पुन्हा वर गेली. ओनोरीनचं सगळ्यांत आधी.

झेलीला डाव कळला नाही असं नाही. ती पाल्मीरला ओळखून होती. पण तिच्या मनात लगेच दुसरंच चक्र फिरू लागलं. हुकूम आपल्या हातात येतोय. मग सणापर्यंत ती अशी गोड वागली, की पाल्मीरला धास्ती वाटू लागली.

गुरुवारी दुपारी धुणंघरात लांब टेबलं मांडली. साखर भुरभुरलेल्या घावनांचे ढीग होते, डुकराच्या मांसाबरोबर शिजवलेला कोबी होता, वाइनचे जग होते. झेलीच्या डोक्यावर सोनेरी कागदाचा मुकुट, खांद्यावर एका गिऱ्हाइकाचा मखमली पडदा. तो परत द्यायचा होता, म्हणून तिनं त्यावर रस्सा सांडू नये यासाठी छातीवर टॉवेल अडकवला होता. बाजूला फुल्जाँस, त्याच्या डोक्याला मुकुट लहान झाला होता. त्याची टोळी त्या आठवड्यात पहिल्या मजल्याच्या सज्जाचे कठडे पक्के करत होती. रविवारी टोकावर मनोरा पुरा झाल्याचा झेंडा चढायचा होता, त्यामुळे वर सगळ्यांची धांदल चाललेली. तो अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून आला होता, आणि चौथ्याशिवाय बाकी तिघांचे हात बांधलेले.

पाल्मीरनं पळी आपटली. “राणीसाहेब, हुकूम.”

झेली उठली. तिनं टॉवेल काढून ठेवला. “माझा हुकूम राजाला,” ती म्हणाली. “आजपासून यानं त्या मनोऱ्यावर पाय ठेवायचा नाही. तिथंच नाही, कुठल्याच उंचीवर नाही. खाली उतरायचं, कायमचं. उतरला, तर पोरगी याची.”

हसणं जागच्या जागी थिजलं. ओनोरीन पांढरी पडली. झेलीनं सगळ्यांकडे पाहिलं. तिला वाटलं, आपण कुणाचं वाईट केलं नाही. जावई मिळाला, मुलगी मिळाली, आणि कुणी मरणारही नाही. याहून शहाणपणाचा हुकूम कोणत्या राणीनं सोडला असेल?

फुल्जाँसनं ताटली बाजूला सारली. मग उभा राहिला.

“राणीचा हुकूम राजाला मान्य आहे,” तो म्हणाला. “आता राजाचा.”

झेलीचं तोंड उघडंच राहिलं. राजाला हुकूम असतो, हे ती साफ विसरली होती. इतकी वर्षं त्या म्हाताऱ्यानं त्याची वाइन करून टाकली होती.

“मी तिघांना सांगून आलोय, की दिवस मावळायच्या आत परत येतो,” फुल्जाँस म्हणाला. “मला त्यांना तोंड दाखवायला हवं. मी आत्ता शेवटचा वर जातो. माझा हुकूम असा, की राणीनं माझ्याबरोबर वर यावं, मी काम करतो त्या जागेपर्यंत. आणि तिथून मला स्वतःच्या हातानं धरून खाली आणावं. मी येईन.”

मग पाल्मीरनं टेबलावर दोन्ही हात आपटले आणि सगळं धुणंघर ओरडू लागलं. “बरोबर आहे.” “राजाचा हुकूम.” “मुकुट आहे डोक्यावर, झेलीआई.”

“मी वर चढत नाही,” झेली म्हणाली.

“मग तोही खाली उतरत नाही,” पाल्मीर म्हणाली. “हुकुमाला हुकूम. रीत मोडायची असेल तर तसं सांग, म्हणजे उद्यापासून हौदावर तुझ्या शेजारी कोण बसतंय ते बघू.”

सजवलेली गाडी मिरवणुकीकडे न जाता मैदानाकडे वळली. झेली वर बसली होती, पाठ ताठ, डोळे घोड्याच्या शेपटीवर. तिच्या पाचावर धारण बसली होती, पण मखमलीखाली ते कुणाला दिसलं नाही.

मनोऱ्याच्या पायाशी रखवालदार आडवा आला. “कुठं? अजून उघडलेला नाही.”

“राणीसाहेब एक कामगार परत न्यायला आल्यात,” फुल्जाँस म्हणाला.

रखवालदारानं मुकुटाकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, मागच्या तीसेक परटिणींकडे पाहिलं. “राणी एकटी जाईल,” तो म्हणाला. “प्रजा इथंच थांबेल.”

मग ती चढू लागली. फुल्जाँस बाहेरच्या बाजूनं, ती आतल्या. लोखंडी जाळीच्या पायऱ्यांतून खालची जमीन दिसत होती, म्हणून तिनं नजर त्याच्या बुटांवर ठेवली. दुसरं काही सुचेना, तेव्हा ती तोंडानं गिऱ्हाइकांची गाठोडी मोजल्यासारखी पुटपुटू लागली. डॉक्टरांचे टेबलक्लॉथ. कर्नलसाहेबांच्या विजारी. त्या दोघी बहिणींचे रुमाल, नाकं गळतात मेल्यांची.

“कर्नलसाहेबांच्या विजारी खरंच एवढ्या मोठ्या असतात?” फुल्जाँसनं विचारलं.

“तोंड बंद ठेवा,” झेली म्हणाली. आणि एक वळण गेल्यावर, “तंबू होईल.”

अर्ध्या वाटेवर वारा लागला. सगळा जिना गुणगुणल्यासारखा झाला. झेली थांबली, तिनं कठडा दोन्ही हातांनी धरला आणि डोळे मिटले.

“तुम्हाला भीती वाटत नाही,” ती म्हणाली. तो प्रश्न नव्हता, आरोप होता.

“वाटते की,” फुल्जाँस म्हणाला.

तिनं डोळे उघडले.

“रोज सकाळी वाटते. पहिल्या वळणापर्यंत तर पाय लटपटतात. मग दोर बांधतो, गाठ दोनदा ओढून बघतो, शेजाऱ्याची बघतो. तो माझी बघतो. त्यानंतर हाताला काम लागतं आणि भीती बाजूला बसून राहते. जात नाही ती. पोरं मला चिडवतात त्यावरून.”

“काय म्हणून चिडवतात?”

“आजीबाई म्हणतात.”

झेली त्याच्याकडे बघतच राहिली. एवढा मोठा गडी, आणि हे सांगताना त्याला लाज वाटत नव्हती. तिला इसिदोर आठवला, त्याची शीळ आठवली, आणि आपण कशी हसायचो तेही आठवलं. ती पुन्हा चढू लागली.

पहिल्या मजल्यावर फुल्जाँसचे तिघे सोबती कठड्याशी खोळंबले होते. मुकुट बघून ते हसायला लागले आणि झेलीचा चेहरा बघून थांबले. फुल्जाँसनं त्यांना दोन शब्दांत सगळं सांगितलं. भट्टीवरच्या गड्यानं हातातला चिमटा खाली ठेवला. चौथा नसेल तर रविवारच्या आत त्यांचा कठडा होणार नव्हता, आणि झेंडा चढेल तेव्हा त्यांच्याच भागावर फळ्या ठोकलेल्या दिसणार होत्या.

“इथं असतो मी,” फुल्जाँस झेलीला म्हणाला. “ही माझी जागा.”

झेलीनं दोर पाहिला, गाठ पाहिली. हातानं ओढून पाहिली, दोनदा. मग दुसऱ्याची पाहिली, तिसऱ्याची पाहिली. ओढता ओढता ती कठड्यापाशी आली आणि तिची नजर बाहेर गेली.

सगळं ग्रो-काय्यू पायांखाली होतं. धुणंघराचं छप्पर, तिच्या खिडकीतल्या चादरी, गल्ल्या. आणि मधोमध ते चर्च. इतकी वर्षं ते तिच्या मनात आभाळाएवढं होतं. इथून ते पावाच्या लादीएवढं दिसत होतं.

“तिथून पडला तो,” ती म्हणाली. “तेवढ्याशावरून.”

तिला रडू फुटलं. पण त्या रडण्यात दुःखापेक्षा राग जास्त होता. “दोर होता रे त्याच्याकडे,” ती म्हणाली. बोलता बोलता ती त्याला अरे-तुरे करू लागली, तेही तिच्या ध्यानात आलं नाही. “हातगाडीत ठेवलेला, नवा. बांधला नाही मेल्यानं. मीच हसायचे त्याच्या बोलण्याला. मीच त्याला एकदाही म्हटलं नाही, की घाबर रे जरा. माझ्यासाठी घाबर.”

फुल्जाँसनं खिशातून रुमाल काढून दिला. तो तिनंच धुतलेला होता आणि त्याच्या चुण्या ओनोरीनच्या होत्या. झेलीनं त्यात नाक शिंकरलं. आयुष्यात पहिल्यांदा तिला इसिदोरचा मनसोक्त राग आला, आणि त्यानं तिला फार हलकं वाटलं.

मग तिनं दोन्ही हातांनी डोक्यावरचा मुकुट काढला, घडी घालून पडद्याच्या आत खोचला.

भट्टीवरचा गडी ग्रो-काय्यूतलाच होता, त्याला रीत ठाऊक होती. तो म्हणाला, “मादाम, मुकुट उतरला की हुकूम बुडतो.”

“मला शिकवू नकोस. मी तिथं कपडे धुते.” झेली फुल्जाँसकडे वळली. “राणी गेली. आता झेली सांगते, पोरगी तुझी. काम पुरं कर. मग पूल बांध, स्टेशनं बांध, काय हवं ते बांध. गाठ दोनदा ओढायची.”

“हो मादाम.”

“तीनदा ओढली तरी कुणी मरत नाही.”

“हो मादाम.”

“आणि आता मला खाली ने. माझे गुडघे गेलेत.”

गुडघे खरंच गेले होते. जावयाला उतरवायला आलेल्या सासूला जावयानं उतरवलं, एकेक पायरी, तिच्या पुढं उलटं चालत, तिचे दोन्ही हात धरून. पडद्याचं टोक पायात येत होतं ते भट्टीवाल्यानं मागून उचलून धरलं होतं. ती वाटभर दोघांना शिव्या देत होती. त्यात देवाचंही नाव दोनदा आलं.

खाली परटिणी घोळका करून उभ्या होत्या. ओनोरीन सगळ्यांच्या पुढं, ओठ दाताखाली. तिला दिसलं, की आईनं फुल्जाँसचा हात घट्ट धरलेला आहे आणि त्याला खाली आणलेलं आहे. हुकूम पार पडला, असंच सगळ्यांना वाटलं. तिचे डोळे भरून आले. तो तिचा होणार होता आणि त्याचा हातोडा गेला होता. हसावं की रडावं, ते तिला कळेना.

झेली शेवटच्या पायरीवरून जमिनीवर उतरली. हात सोडायचा होता, पण तिची बोटं सुटेनात. तिनं दुसऱ्या हातानं ती एकेक करून सोडवली. इसिदोरला ती रोज सकाळी सहज म्हणायची ते दोन शब्द, त्या सकाळनंतर तिनं कुठल्याच माणसाला म्हटले नव्हते.

“तुझे सोबती थांबलेत,” ती फुल्जाँसला म्हणाली. “जा वर.”